फायबरचं ठिगळ भाकरीसारखं का सुटतं? काच आणि रेझिन एकमेकांना धरतील असं काम कसं करायचं

मागच्या फेब्रुवारीत तासगावकडचे एक बागायतदार बेदाण्याचा फायबरचा डिपिंग टब (वाळवण्याआधी द्राक्षं द्रावणात बुडवायचा) टेम्पोत घालून कुपवाडला आमच्या शेडवर घेऊन आले. टबाच्या कोपऱ्याला वीतभर चीर. दोनदा दुसरीकडे दुरुस्त करून झालेली, दोन्ही वेळा हंगाम निम्म्यावर आला की गळती सुरू. ठिगळाच्या कडेत स्क्रू ड्रायव्हर घालून जरासं उचकटलं, तर तव्यावरून भाकरी सुटावी तसं अख्खं ठिगळ एका तुकड्यात हातात आलं. मागची बाजू गुळगुळीत, जुन्या टबाचा एक धागासुद्धा तिला चिकटलेला नाही. मग ते ठिगळच मोडून बघितलं. मोडलेल्या कडेतून पांढरी कोरडी काच म्हाताऱ्याच्या दाढीसारखी बाहेर आली.

म्हणजे चुका दोन होत्या. नव्या थराने जुन्याला धरलं नव्हतं, आणि नव्या थरातल्या रेझिनने, म्हणजे काचेला बांधून नंतर टणक होणाऱ्या चिकट द्रवाने, स्वतःच्याच काचेला धरलं नव्हतं. आमच्याकडे येणाऱ्या टाक्या, कूलरच्या बॉड्या, ट्रॅक्टरची बॉनेट, कृष्णाकाठच्या गावांतल्या बोटी, सगळ्यांत थोड्याफार फरकाने हेच सापडतं. खाली उदाहरण त्या टबाचं घेतलं आहे. नवं काम करणाऱ्यांनी तिसरा टप्पा सोडून बाकी सगळं जसंच्या तसं लागू करावं.

आधी एवढं डोक्यात पक्कं करा

मॅट म्हणजे काचेच्या तंतूंच्या तुकड्यांची पातळ चादर. ४५० ग्रॅमची मॅट म्हणजे एका चौरस मीटरमध्ये ४५० ग्रॅम काच. तिचे तंतू केसापेक्षा कितीतरी बारीक असतात. एका तंतूची जाडी १३ मायक्रॉन धरली, तर त्या चौरस मीटरभर मॅटमधल्या सगळ्या तंतूंचा मिळून पृष्ठभाग ५० चौरस मीटरच्या वर जातो. आपल्या भाषेत अर्धा गुंठा. हातातल्या ब्रशने तुम्ही एक चौरस मीटर रंगवत नसता, अर्धा गुंठा रान भिजवत असता. पाणी सगळ्या वाफ्यांत पोचलं नाही तर जे होतं तेच इथे होतं.

दुसरी गोष्ट, काच आणि रेझिन यांचं आपोआप जमत नाही. काचेचा तंतू कारखान्यात ओढतानाच त्यावर एक पातळ लेप देतात, त्याला सायझिंग म्हणतात. त्यात सिलेन नावाचं रसायन असतं. त्याचं एक टोक काचेला रासायनिक बंधाने जोडलं जातं आणि दुसरं टोक रेझिन घट्ट होताना त्याच्या साखळीत गुंफलं जातं. हा लेप डोळ्यांना दिसत नाही, म्हणून त्याची किंमत कुणाला कळत नाही. बंध सुटला की त्या फटीतून पाणी तंतूच्या कडेकडेने, कंदिलाच्या वातीत रॉकेल चढावं तसं, आत चढत जातं.

टप्पा १ : माल बघून घ्या

मॅट घेताना ती कोणत्या रेझिनसाठी आहे हे विचारा, रोलच्या लेबलवर लिहिलेलं असतं. साध्या चॉप्ड मॅटमधले तुकडे एका बाइंडरने एकत्र धरलेले असतात आणि तो बाइंडर विरघळतो स्टायरीनमध्ये. पॉलिएस्टर आणि व्हिनाइल एस्टर रेझिनमध्ये स्टायरीन असतं, इपॉक्सीत नसतं. त्यामुळे ‘इपॉक्सी भारी असतं’ म्हणून साध्या मॅटवर इपॉक्सी ओतणाऱ्याचे पैसे वाया जातात. बाइंडर तसाच राहतो, मॅट ताठ राहते, आतपर्यंत भिजत नाही. इपॉक्सीच वापरायचं असेल तर विणलेलं कापड किंवा शिवलेली मॅट घ्या, तीही इपॉक्सीला चालणाऱ्या सायझिंगची.

बाइंडर पावडरचा आणि इमल्शनचा अशा दोन्ही प्रकारच्या मॅट मिळतात. सतत पाणी भरून राहणाऱ्या कामाला मी पावडरवालीच घेतो.

⚠ प्लास्टरच्या भेगांवर किंवा गच्चीच्या वॉटरप्रूफिंगला लावायची जाळी फायबरच्या कामात वापरू नका. तीही काचेचीच असते, पण तिच्यावरचा लेप सिमेंटपासून बचावासाठी असतो. रेझिनशी त्याचं काही देणंघेणं नाही. हार्डवेअरच्या दुकानात ‘फायबरची जाळी’ मागितली की हीच हातात पडते.

रेझिन कोणतं घ्यायचं हे टबात काय भरणार यावर ठरतं. बेदाण्याच्या डिपिंगमध्ये पोटॅशियम कार्बोनेट असतं, म्हणजे द्रावण चांगलंच अल्कधर्मी. साधं ऑर्थो पॉलिएस्टर अल्कलीपुढे हळूहळू झिजतं आणि काच उघडी पडली की तीही खराब होते. म्हणून आतल्या बाजूला व्हिनाइल एस्टर आणि त्याच्या तोंडावर काचेच्याऐवजी सिंथेटिक टिश्यू, म्हणजे अगदी पातळ कापडासारखा थर. नुसत्या पाण्याच्या टाकीला एवढा खर्च नको, ऑर्थोपेक्षा वरचं आयसो पॉलिएस्टर पुरेसं होतं.

डब्यावरची तारीख बघा. रेझिनचं आयुष्य महिन्यांत मोजायचं असतं, आणि एप्रिलमध्ये पत्र्याच्या शेडखाली ठेवलेल्या डब्याचं ते झपाट्याने कमी होतं. दोरे सुटायला लागलेलं किंवा गोळे धरलेलं रेझिन स्टायरीन घालून पातळ करायच्या फंदात पडू नका.

टप्पा २ : काच कोरडी ठेवा

ही चूक मी स्वतः केलेली आहे. जुलै महिना, मॅटचा उघडा रोल आठवडाभर भिंतीला टेकवून ठेवलेला. हाताला ओल लागत नव्हती, म्हणून तसाच वापरला. रेझिन घातल्यावर मॅट पारदर्शक व्हायच्या ऐवजी ताक ओतल्यासारखी दुधाळ झाली आणि तशीच सेट झाली. त्या मॅटची सहा कव्हरं भंगारात गेली. काचेला पाण्याची ओढ फार. हवेतली वाफसुद्धा ती पृष्ठभागावर धरून ठेवते आणि जिथे पाणी बसलं तिथे रेझिनला जागा उरत नाही.

रोल मूळ पिशवीतच, जमिनीपासून उंच फळीवर ठेवा. लागेल तेवढा कापून पिशवीचं तोंड पुन्हा बांधा. गोदामातला रोल कामाच्या आदल्या दिवशीच शेडमध्ये आणून ठेवा, म्हणजे त्यावर दव धरत नाही. महाबळेश्वर, पाटण, जावळीकडे पावसाळ्यात काम करत असाल तर कापलेले तुकडे हीटर किंवा बल्ब लावलेल्या बंद कपाटात ५० ते ६० अंशांवर चार-पाच तास ठेवून लगेच वापरा.

⚠ मळलेली मॅट धुऊन वाळवायची नाही. ब्लो-टॉर्चने शेकायची तर त्याहून नाही. बाइंडर आणि सायझिंग दोन्ही जातात, मागे उरते ती नुसती ठिसूळ काच. घामाचे, ग्रीसचे हातही मॅटला नकोत. तुकडे हातमोजे घालूनच हाताळा.

टप्पा ३ : जुना पृष्ठभाग तयार करा

दुरुस्तीचं निम्मं काम इथेच आहे आणि दहातले आठ जण इथेच घाई करतात. क्रम महत्त्वाचा, उलटसुलट चालत नाही.

आधी धुणं. डिपिंगच्या टबात कार्बोनेटबरोबर डिपिंग ऑइलही असतं, ते चिरेत आणि आजूबाजूच्या बारीक छिद्रांत मुरतं. गरम पाणी आणि साबणाने घासा, स्वच्छ पाण्याने धुवा, पुन्हा घासा. पाण्याचे थेंब मोत्यांसारखे वेगवेगळे उभे राहत असतील तर तेल अजून आहे. पाण्याचा सलग पातळ पडदा बसेपर्यंत धूत राहायचं. मग टब दोन-तीन दिवस उन्हात वाळवा. चिरेच्या आत गेलेलं पाणी तासाभरात निघत नाही. कडेला पांढरे क्षार दिसले तर परत धुणं.

त्यानंतर ॲसिटोन. एका फडक्याने पुसायचं, ते सुकायच्या आत दुसऱ्या कोरड्या फडक्याने टिपून घ्यायचं. एकच फडकं फिरवत राहिलात तर तेल निघत नाही, सगळीकडे पसरतं.

आणि मग ग्राइंडर. ॲसिटोन आधी, ग्राइंडिंग नंतर. उलटं केलं तर ग्राइंडरची चकती तेल आणि वॅक्स त्या ताज्या ओरखड्यांत घुसवते. डिस्क ३६ किंवा ४० नंबरची घ्या, १२० नंबरने घासून दिसायला छान दिसतं, धरत काही नाही. चकाकी पूर्ण गेली पाहिजे, जेलकोट (वरचा गुळगुळीत रंगीत थर) निघाला पाहिजे, आणि खाली काचेचे धागे उघडे दिसले पाहिजेत. रेझिन पिवळट, फुगलेलं किंवा मऊ लागलं तर टणक भाग लागेपर्यंत खोल जा.

कड सरळ खड्ड्यासारखी ठेवू नका, उतरती घ्या. भिंतीची जाडी जेवढी, त्याच्या बारा पट लांब उतार. आमच्या टबाची भिंत ५ मिमी, म्हणजे चिरेच्या प्रत्येक बाजूला ६० मिमी. बघणाऱ्याला वाटतं एवढ्याशा चिरेसाठी एवढा टब खरवडला. वाटू द्या.

धूळ मऊ ब्रशने किंवा व्हॅक्यूमने काढा. कॉम्प्रेसरची हवा मारू नका, तिच्यातून पाणी आणि तेलाचा फवारा येतो. खात्री नसेल तर पांढऱ्या कागदावर मिनिटभर हवा मारून बघा, डाग दिसतील.

✔ तपासणी : उताराच्या जागेवर बॅटरीचा उजेड आडवा पाडा. कुठेही चमक दिसली तर तिथे परत डिस्क. त्यानंतर जागेला हात लावायचा नाही आणि त्याच दिवशी थर घालायचा. रात्रभर ठेवलं तर सकाळी पुन्हा हलकी डिस्क फिरवा.

ग्राइंडिंग करताना चांगला मास्क, गॉगल आणि पूर्ण बाह्या. काचेची धूळ मानेवर बसली की आंघोळीनेही दोन दिवस खाज जात नाही.

टप्पा ४ : मोजमाप आणि मिश्रण

अंदाजपंचे काम इथे बंद. मॅटच्या वजनाच्या सव्वादोन पट रेझिन, विणलेल्या रोव्हिंगला (काचेच्या जाड पट्ट्यांच्या कापडाला) साधारण तिच्या वजनाएवढं. कमी पडलं तर काच कोरडी राहते. जास्त झालं तर नुसत्या रेझिनचे डबके साचतात, ते ठिसूळ असतात आणि तडकतात. ‘थोडं जास्त घाला, चिकटेल चांगलं’ हा सल्ला मी प्रत्येक शेडमध्ये ऐकला आहे आणि तो चुकीचा आहे.

आमच्या ठिगळाला ४५० च्या मॅटचे पाच थर लागले. ४५० चा एक थर साधारण १ मिमी बसतो, म्हणून पाच. सर्वांत मोठा तुकडा ४० बाय १८ सेंमी, पुढचे लहान होत गेलेले. सगळे मिळून काच १०० ग्रॅमच्या आसपास. रेझिन २२५ ग्रॅम, आणि ब्रशला, भांड्याला लागतं ते धरून ३०० ग्रॅम.

हार्डनर, म्हणजे रेझिन घट्ट करणारं एमईकेपी, दीड टक्का. ३०० ग्रॅमला साडेचार ग्रॅम, म्हणजे सुमारे ४ मिलि. एवढं बाटलीच्या झाकणाने मोजता येत नाही. सुई काढलेली सिरिंज दहा रुपयांत मिळते, ती वापरा. पण सगळं एकदम कालवायचं नाही. १५० ग्रॅमचे दोन घाणे करा, प्रत्येकाला २ मिलि.

उन्हाळ्यात जेल लवकर येतो, म्हणजे रेझिन लवकर थिजायला लागतं, म्हणून हार्डनर अर्ध्या टक्क्यावर आणणारे खूप आहेत. एक टक्क्याखाली रेझिन पूर्ण पिकत नाही, कितीही दिवस ठेवा. त्याऐवजी सकाळी सहाला काम सुरू करा, घाणे लहान करा, आणि खोल डब्याऐवजी पसरट ट्रेमध्ये ठेवा. थंडीत उलट. साताऱ्याकडच्या जानेवारीच्या सकाळी हार्डनर तीन-चार टक्क्यांवर नेण्यापेक्षा ऊन वर येऊ द्या.

⚠ कोबाल्ट (रेझिन घट्ट व्हायला वेग देणारं द्रावण) आणि हार्डनर थेट एकमेकांत कधीही मिसळू नका, भडका उडतो. आधी कोबाल्ट रेझिनमध्ये पूर्ण ढवळायचा, त्यानंतर हार्डनर. दोघांची मापं वेगळी, ढवळायच्या काड्या वेगळ्या. गुलाबी-जांभळट झाक असलेल्या रेझिनमध्ये बहुतेक वेळा कोबाल्ट आधीच घातलेला असतो, पुरवठादाराला विचारल्याशिवाय आणखी घालू नका. हार्डनरचा एक थेंब डोळ्यात गेला तर डोळा जाऊ शकतो. गॉगल घाला. गेलाच तर पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याने धुऊन थेट डॉक्टरांकडे.

व्हिनाइल एस्टरमध्ये साधा हार्डनर घातला की बऱ्याचदा फेस येतो आणि ते बुडबुडे थरात अडकतात. त्याच्यासाठी कमी फेसाचा हार्डनर मिळतो, रेझिनबरोबरच मागून घ्या. ढवळताना सावकाश, डब्याच्या कडा आणि बूड खरवडत. ताक घुसळल्यासारखं नको.

टप्पा ५ : थर घालणं

मॅटचे तुकडे कात्रीने न कापता कडेने हाताने फाडा. फाडलेली कड विरळ असते, ती खालच्या थरात मिसळून जाते. कापलेल्या सरळ कडेला पायरी तयार होते आणि उचकटणं तिथूनच सुरू होतं.

जुन्या पृष्ठभागावर पहिला थर मॅटचाच, विणलेल्या रोव्हिंगचा नाही. रोव्हिंगचे जाड पट्टे उंचवट्यांवरच टेकतात, मॅट प्रत्येक ओरखड्यात बसते. रोव्हिंगवर रोव्हिंग घालायची वेळ आली तरी मध्ये एक मॅट द्या. मोठा तुकडा आधी की लहान, यावर दोन मतं आहेत. मी मोठा आधी घालतो, म्हणजे जुन्याला धरणारा थर सलग एकच राहतो.

मग हे असं.

१. घासलेल्या जागेवर आधी रेझिनचा हात मारा, मॅट नंतर. कोरडी मॅट ठेवून वरून रेझिन ओतलं तर खालची हवा खालीच कोंडते.

२. मॅट ठेवा आणि ब्रशने टिपके दिल्यासारखं वरून रेझिन द्या. रंगाच्या ब्रशासारखा पुढेमागे ओढू नका, धागे गोळा होतात आणि मध्ये भोकं पडतात.

३. आता थांबा, दोन-तीन मिनिटं. ही थांबायची गोष्ट शिकवायला मला नवीन पोरांबरोबर सगळ्यात जास्त वेळ लागतो. बाइंडर विरघळायला वेळ लागतो. मॅट मऊ पडून आकार घेताना डोळ्यांना दिसते, तोवर जोर लावला तर ती नुसती सरकते.

४. दातेरी ॲल्युमिनियम रोलर मधून कडेकडे फिरवा. हलका हात, छोटे फेरे. कोंडलेली हवा रोलरपुढे बारीक बुडबुड्यांच्या रांगेत पळते आणि कडेला फुटते. कोपऱ्यात रोलर जात नसेल तर केस आखूड कापलेला ब्रश घ्या.

✔ तपासणी : थराखाली टबाचा रंग आणि ग्राइंडरचे ओरखडे स्पष्ट दिसले पाहिजेत. काच आणि रेझिन यांच्यातून उजेड जवळपास सारखाच वाकतो, म्हणून नीट भिजलेली काच दिसेनाशी होते. जिथे पांढरं दिसतं तिथे हवा आहे. पांढऱ्या ठिपक्यावर रेझिन ओतण्याआधी रोलर फिरवा, बहुतेक वेळा आजूबाजूचं जास्तीचं रेझिनच आत जातं. जेल धरायला लागला की रोलर बंद. त्यानंतर फिरवलेला प्रत्येक फेरा काचेपासून रेझिन ओरबाडतो.

टप्पा ६ : दोन थरांमधली वेळ

ओल्यावर ओला असे तीन थर एका दमात. पाचही एकदम घातले तर आतली उष्णता बाहेर पडत नाही, थर तापतो आणि काचेपासून सुटून पांढरा पडतो. तीन थर जेल होऊन, तापून, पुन्हा हाताला गार लागले की उरलेले दोन.

पॉलिएस्टर किंवा व्हिनाइल एस्टरचा वरचा पृष्ठभाग हवेतल्या ऑक्सिजनमुळे किंचित चिकट राहतो. तो दोष समजून ॲसिटोनने पुसू नका. पुढचा थर त्याच चिकटपणात रासायनिकदृष्ट्या मिसळतो. ही संधी साधारण २४ तास असते, एप्रिलच्या उन्हात त्याहून कमी. उलटून गेली तर पुन्हा ४० नंबरची डिस्क आणि टप्पा ३ सारखीच वागणूक.

⚠ मधल्या थरांच्या रेझिनमध्ये वॅक्स नको. वॅक्स पृष्ठभागावर तरंगून येतं आणि पुढचा थर त्यावर बसतो, काचेवर नाही. दुकानदार ‘न चिकटणारं’ म्हणून देतात ते रेझिन वॅक्सवालं असतं. ते फक्त शेवटच्या हाताला.

शेवटी टिश्यू आणि त्यावर वॅक्स घातलेल्या रेझिनचा हात. एकही धागा बाहेर डोकावता कामा नये. डोकावणारा प्रत्येक धागा ही द्रावणाला आत शिरायची वात.

उरलेला डबा शेडबाहेर मोकळ्या जमिनीवर ठेवा, पिशवीत किंवा कचऱ्यात टाकू नका. जेल झालेलं रेझिन धुरापर्यंत तापतं.

टप्पा ७ : पिकू द्या, मग तपासा

दुसऱ्या दिवशी टणक लागलं तरी ते पिकलेलं नसतं. किमान सात दिवस द्या. आपल्याकडचं कडक ऊन इथे कामाला येतं, टब उपडा घालून दिवसभर तापू द्या.

✔ ॲसिटोन : फडकं भिजवून जागेवर अर्धा मिनिट घासा. बोटाला चिकट लागलं तर पिकलेलं नाही. शेवटच्या हातावरचं वॅक्स आधी बारीक कागदाने घासून घ्या, नाहीतर फसाल.

✔ नाणं : पाच रुपयांच्या नाण्याने सगळीकडे टकटक करा. चांगल्या जागी टणटणीत आवाज, सुटलेल्या जागी बद्द. बद्द आवाजाभोवती पेन्सिलने गोल काढत गेलात की सुटलेला भाग नकाशासारखा समोर येतो.

✔ शेपूट : मला सगळ्यात भरवशाची वाटते ती ही. पहिला थर घालतानाच ठिगळाबाहेर, तशाच घासलेल्या जागेवर दोन बोटं रुंद मॅटची पट्टी घालायची आणि तिच्या टोकाखाली प्लास्टिकचा कागद ठेवायचा. पिकल्यावर ते मोकळं टोक पकडीत धरून उचकटायचं. पट्टी फाटत निघाली आणि जुन्या टबावर धागे राहिले, किंवा टबाचेच धागे उपटून आले, तर काम झालं. गुळगुळीत निघाली तर ठिगळही तसंच निघणार. ते तुम्ही काढा, बागायतदारावर वेळ आणू नका.

आमच्या टबाची पट्टी काढताना पकड दोनदा सटकली आणि तिसऱ्यांदा पट्टीच मधून फाटली. मग टब साध्या पाण्याने काठोकाठ भरला, पातळीची पेन्सिलने खूण केली, बाहेरून ठिगळाला कोरडा वर्तमानपत्राचा कागद चिकटपट्टीने लावला आणि २४ तास ठेवला. दुसऱ्या दिवशी पाणी खुणेच्या जरा खाली होतं, तेवढं उन्हाने गेलं. कागद कोरडा होता.